पहिल्या ओळीची जागा

शोधप्रबंधांचा हंगाम भर उन्हाळ्यात येतो. नांदेडला सकाळी अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच संशोधक मंडळी माझ्या दाराशी रांग लावतात. पाठीवर लॅपटॉप, डोक्याला दस्ती, हातात पाण्याची बाटली. सुट्ट्या लागायच्या आत त्यांना मार्गदर्शकांची सही हवी असते आणि त्या सहीच्या आधी माझी. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्रबंधातला मजकूर कुठून उचललेला नाही, हे संगणकाला विचारून कागदावर लिहून देणं हे माझ्या अनेक कामांपैकी एक. 'साम्य अहवाल' असं त्याचं भारदस्त नाव आहे. सगळे त्याला 'टक्के' म्हणतात.

"मॅडम, टक्के किती आले?"

"सात."

"वाचलो!" असं म्हणून पेढ्याचा बॉक्स उघडतो.

तिकडे लातूरला, जिथे निम्म्या मराठवाड्याची पोरं क्लासला जाऊन राहतात, टक्के जास्त आले की पेढे वाटतात. माझ्या खोलीत कमी आले की वाटतात. मी दोन्हीकडचे खाते. साखर वाढली आहे, तरी खाते.

हे यंत्र इंग्रजी मजकुराच्या बाबतीत फौजदारासारखं वागतं. मराठी दिसली की झोपतं. अख्खं प्रकरण दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवलेलं असलं तरी ते खुशाल 'स्वतंत्र' म्हणून मोकळं होतं. मी हे वर कळवलं होतं. वरून उत्तर आलं, अहवाल देणे चालू ठेवावे. मी चालू ठेवलं आहे.

माझ्यापुरती मी प्रबंधाची दोनच ठिकाणं वाचते, आभार आणि परिशिष्ट. आभारात आधी संस्थेचे पदाधिकारी येतात, मग मार्गदर्शक, मग मार्गदर्शकांच्या सौभाग्यवती, ज्यांनी वेळोवेळी चहा दिला. शेवटून दुसऱ्या ओळीत आईवडील आणि शेवटच्या ओळीत टंकलेखन करणारा. ज्यांच्या जिवावर प्रबंध उभा राहिला ती माणसं आभारात नसतात. ती परिशिष्टात असतात, नावं काढून टाकलेली. 'माहितीदार स्त्री, वय अंदाजे साठ, निरक्षर.' नाव काढण्यामागे गुप्ततेचं तत्त्व आहे. ते मलाही मान्य आहे. पण ज्यांची आपलं नाव गुप्त राहावं अशी इच्छा नव्हती, त्यांना कुणी विचारलं असंही कधी ऐकलं नाही.

यंदा एका प्रबंधाच्या परिशिष्टात मला माझी आत्या सापडली. 'सहभागी ग.'

*

गया आत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. चाकूर तालुक्यातल्या एका गावात, विहाराच्या मागच्या बाजूला तिचं घर. आधी रोजानं दुसऱ्यांच्या शेतात गेली, मग अंगणवाडीत मदतनीस झाली, आणि अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावरही गावातली लेकरं तिला पाहिलं की हात धुवायला पळत. आवाज तसा होता. गोड बिड काही नव्हता. भाकरी थापताना होतो तसा, सरळ आणि भरीव.

एप्रिलात जयंती आली की तिचा आवाज गावाचा होत असे. आदल्या संध्याकाळी बाया विहारापुढच्या लिंबाखाली गोल बसत. दिवसभर तापलेली फरशी खालून शेकत असायची, वरून लिंबाचा बारीक फुलोरा डोक्यात पडायचा. आमच्या गावातल्या गाण्याची एक रीत होती. दुसरी ओळ सगळ्यांची आणि ठरलेली, कधी न बदलणारी:

'निळ्या पताकंखाली बाई, उजेड दारी आला.'

पहिली ओळ मात्र एकटीची. ती आत्यानं तिथल्या तिथे बसवायची. त्या वर्षी गावात, घरात, तालुक्याला जे झालं असेल ते तिच्यात यायचं. कुणाची लेक नर्स झाली, कुणाचं घरकुल मंजूर झालं, कुणाचा नवरा दारू सोडतो म्हणून सोडत नाही. 'शांताबाईचा धाकला औंदा तलाठी गं झाला,' असं ती म्हणायची आणि शांताबाई पदरात तोंड लपवायची, आणि सगळ्या एकदम, 'निळ्या पताकंखाली बाई, उजेड दारी आला.' एका वर्षी पाण्याचे हाल झाले होते. आत्यानं सुरुवात केली, 'टँकर येतो येतो म्हणता पोळा निघून गेला.' बाजूला खुर्चीवर सरपंच बसले होते. तेही हसले, दुसरं काय करतील?

पहिली ओळ कोणती येणार हे दुसरी ओळ म्हणणारीला माहीत नसे. म्हणून सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत बसत. मीही लहानपणी बघितलं आहे. ओळ सापडायच्या आधी ती खालचा ओठ थोडा आत घ्यायची.

*

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात एक प्रकल्प आला. मराठी विभाग गाणी गोळा करणार, ग्रंथालय ती नीट नोंदवून जपणार आणि शेजारचं नर्सिंग कॉलेज ती म्हाताऱ्या आजारी माणसांना ऐकवून काय गुण येतो ते पाहणार. तीन शाखा एकत्र आल्या म्हणून पेपरात फोटो छापून आला. मला मनापासून आनंद झाला होता. नोंदवणे आणि जपणे हेच तर माझं काम. गया आत्याकडे मीच सगळ्यांना घेऊन गेले.

मराठीचे सर प्रकल्पाचे प्रमुख होते. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. अभ्यासू, वेळेचे पक्के, विद्यार्थ्यांकडून घरची कामं करून न घेणारे. पण एखादी गोष्ट दोनदा वेगवेगळी दिसली की त्यांना चैन पडत नसे. आत्यानं सलग तीन दिवस तेच गाणं म्हटलं आणि तिन्ही दिवस पहिल्या ओळी वेगळ्या आल्या. सर अस्वस्थ झाले.

"गयाबाई, काल तुम्ही दुसरीच ओळ म्हणालात. यातली मूळ कोणती?"

"आज मनली ती."

"तसं नाही. परंपरेनं चालत आलेली कोणती?"

"परंपरा माझ्याच घशातून यायलीय की, सर. आणि कुठून यावी?"

"पण एक काहीतरी पक्कं असेल ना?"

"दुसरी वळ पक्की हाय. ती घ्या. पयली माझी हाय." मग माझ्याकडे वळून, "कामून गं माय, असं रोज शिळं खातेत का कॉलेजात?"

सर हसले, पण वहीत त्यांनी 'माहितीदारास मूळ पाठ आठवत नाही' असं लिहिलं. मी शेजारीच बसले होते, दिसलं.

रेकॉर्डिंग मात्र झकास झालं. आत्या मध्येच थांबून सुनेला "अगं सुनंदा, दूध उतू चाललंय" म्हणते, शेरडं ओरडतात, शांताबाई खोकते, मग आत्या 'हं' करून सूर धरते, सगळं त्यात आलं. सूची करताना मी एक रकाना वाढवला, 'इतर आवाज'. त्यात मी शेरडं, कुकर, खोकला, सुनेला हाक असं सगळं लिहिलं. सरांनी तो रकाना काढायला लावला. सूची म्हणजे काही बाजारयादी नव्हे, असं ते म्हणाले.

मग पुस्तक झालं. शास्त्रशुद्ध. एक ओळ 'मूळ पाठ' म्हणून वर आली आणि बाकीच्या तळटीपेत, 'पाठभेद' म्हणून, मुंगीएवढ्या अक्षरात. शिवाय वाचकांना अडू नये म्हणून भाषा जरा सारखी करून घेतली होती. शांताबाईच्या धाकल्याची ओळ अशी छापली गेली: 'सुपुत्र शांताबाईंचा यंदा तलाठी जाहला.' मी आत्याला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "हे कुण्या गावचं हाय?"

*

तीन वर्षांपूर्वी, मार्च संपता संपता, आत्या अंगणात कपडे वाळत घालताना खाली बसली आणि उठली नाही. लातूरला दवाखान्यात नेलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. हात-पाय पुढे थोडेफार हलले. वाचेपैकी एकच शब्द उरला, 'हाव', म्हणजे हो.

पाणी पाहिजे का? हाव. नको का? हाव. दुखतंय का? हाव. मी कोण आहे? हाव.

माणूस बोलायचं थांबलं की घरातले त्याच्याशी ओरडून बोलायला लागतात, जणू बहिरं झालंय. दवाखान्यातही तेच. आत्याला ऐकू सगळं येत होतं, कळतही होतं. चुकीचा 'हाव' तोंडातून निघाला की ती डाव्या हातानं गादीवर चापट मारायची. ज्या बाईनं जन्मभर एक ओळ दोनदा म्हटली नाही, तिला आता दिवसभर एकच शब्द म्हणावा लागत होता.

सुनंदा तिची सून, माझ्या आत्येभावाची बायको. सगळं तिनं केलं. कूस बदलणं, दाट पेज भरवणं, तोंड पुसणं, केस विंचरणं. उपचार, शुश्रूषा, पुनर्वसन वगैरे शब्द माझ्या ग्रंथालयात कपाटभर आहेत. ते उघडले की मला सुनंदाचे भेगाळलेले हात दिसतात. तिला कुणी कधी प्रश्नावली दिली नाही.

दवाखान्यात वाचा-उपचार करणारी एक तरुण मॅडम होती. तिनं मला बाजूला घेतलं. "बोलणं बंद पडलेल्यांना कधीकधी गाता येतं," ती म्हणाली. "गाणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. त्या वाटेनं शब्द ओढून आणता आले तर बघायचं. ह्या गात होत्या ना? त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं काही आहे का? त्यांच्याच आवाजामागे त्यांना म्हणायला लावू. पण उशीर नको. सुरुवातीच्या महिन्यांत जे मिळेल ते मिळेल."

"आहे," मी म्हणाले. "सगळं आहे. मीच नोंदवलंय."

त्या क्षणी मला माझ्या धंद्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. सुनंदाला मी म्हटलं, "घाबरू नको. मी उद्या आवाज घेऊन येते." ती म्हणाली, "अक्का, लई बरं होईल. घर कसं मुकं होऊन बसलंय."

लातूरहून नांदेडला येताना बसमध्ये परीक्षेची पोरं होती. एकमेकांना प्रश्न विचारत होती आणि पर्याय सांगत होती, अ, ब, क, ड. खिडकीतून गरम वारा भाजत होता. पोरं एकच बरोबर उत्तर असणाऱ्या जगात होती आणि त्या दिवशी मीही त्यांच्यातच होते.

सूची उघडली. गायिकेचं नाव, गाव, कालावधी, सगळं जागेवर. नोंदीवर बोट ठेवलं तर पडद्यावर आलं की ही फाइल उपलब्ध नाही. दुसरी नोंद. तीच पाटी. एकूण एक तीच पाटी.

संगणकाच्या खोलीतल्या माणसानं डोकं खाजवलं. "मॅडम, ते मूल्यांकन समिती आली होती ना, तवा जागा पायजे होती. सरांना इचारलं होतं की."

सरांकडे गेले. ते अजिबात ओशाळले नाहीत. मला वाटतं, त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"मॅडम, संहिता छापून झाली. आवाज म्हणजे कच्चा माल. तो किती दिवस सांभाळायचा?"

"सर, ती बोलू शकत नाही. तिला तिचा आवाज ऐकवायचाय."

"अरे वाईट झालं," ते म्हणाले, आणि त्यांना वाईट वाटलंही. उठून कपाटातून पुस्तकाची प्रत काढली. "ही न्या. यात सगळं आहे. त्यांना वाचून दाखवा."

आवाजांच्या जागी काय ठेवलं होतं तेही मी पाहून घेतलं. समितीच्या स्वागताचे व्हिडिओ. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पुन्हा दीपप्रज्वलन. एका मेणबत्तीनं समई पेटत नव्हती, त्याचंच चांगलं लांबलचक चित्रण होतं. ते आजही आहे. कुणाला बघायचं असेल तर माझ्या सूचीत व्यवस्थित नोंदवलेलं आहे.

*

तोवर आत्याला घरी आणलं होतं. मी पुस्तक घेऊन तिच्या गावी गेले. दुसरं काय नेणार?

जयंतीच्या आदल्या दिवशी बायाच आत्याच्या घरी आल्या. खाटेभोवती बसल्या. आवाज नाही तर नाही, आपण म्हणू, म्हणजे तिला आठवेल, असं शांताबाई म्हणाली. मोठ्या हौसेनं सगळ्या सरसावून बसल्या आणि मग तशाच बसून राहिल्या. कुणाकडेच पहिली ओळ नव्हती. इतकी वर्षं प्रत्येकीनं दुसरीच म्हटली होती.

मी पुस्तक उघडलं आणि वाचलं, "सुपुत्र शांताबाईंचा यंदा तलाठी जाहला."

"तो तर सस्पेंड झाला की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"गप गं! परत घेतलंय त्याला," शांताबाई फणकारली.

हसू पिकलं. आत्याही डाव्या बाजूनं हसली. मग त्यांनी ती ओळ चालीवर बसवून पाहिली. बसेना. 'जाहला'पाशी सगळ्यांच्या टाळ्या चुकल्या. मी मनातल्या मनात ओळ उलटी फिरवून तिच्या बोलीत नेली, म्हणून दाखवली, तेव्हा बसली. पण ती आता जुनी बातमी होती. आत्यानं मान हलवली. शिळं तिनं आधीही कधी खाल्लं नव्हतं.

तरी बायांनी दुसरी ओळ धरली. आणि तेव्हा आत्याचे ओठ हलले. खालचा ओठ किंचित आत गेला. सुनंदानं माझं मनगट धरलं. सगळ्या थांबल्या. लिंबावर कावळा ओरडत होता तेवढाच.

"हाव," आत्या म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "हाव." आणि तिनं गादीवर चापट मारली.

बायांना कळेना काय करावं. त्यांनी घाईघाईनं दुसरी ओळ म्हटली आणि चहाचं निघालं.

*

प्रणिता त्याच वर्षी मे महिन्यात आली. देगलूरची पोर, घरात तेलुगू, बाजारात कन्नड, कॉलेजात मराठी. सरांची विद्यार्थिनी. लोकगीतांनी वाचा परत येते का, हा तिच्या प्रबंधाचा विषय, आणि आत्याची हकिकत सरांनीच तिला सांगितली होती. मला राग यायला हवा होता. पण एक आशाही होती, कुणास ठाऊक, हिला काही जमलं तर.

तिनं एका छोट्या वाजणाऱ्या पेटीत गाणं भरून आणलं होतं. पुस्तकातला मूळ पाठ, संगीत विभागातल्या एका गायिकेनं हार्मोनियम-तबल्यावर म्हटलेला. आवाज सुंदर. मागे शेरडू नाही, खोकला नाही, काही नाही. दूरदर्शनवर लागावं तसं.

आधी तिनं खाली वाकून विचारलं, "आजी, मी तुमचं रेकॉर्डिंग करू का? अभ्यासासाठी वापरू का?"

"हाव," आत्या म्हणाली.

प्रणितानं कागदावर संमतीपुढे खूण केली. सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "प्रणिता, थांब जरा." आणि आत्याला विचारलं, "आत्या, हिची ही पेटी हापशाच्या खड्ड्यात टाकू का?"

"हाव."

"हिला सून करून घ्यायची का?"

"हाव!"

आत्या हसायला लागली, सुनंदा हसायला लागली. प्रणिता कानापर्यंत लाल झाली. "कळलं, मॅडम," ती म्हणाली.

कळलं होतं हे खरंच. पण गाणं लागलं. पहिली ओळ येताच आत्याच्या कपाळाला आठी पडली. "हाव, हाव, हाव," ती डाव्या हातानं पेटी ढकलायला लागली. प्रणिता लिहीत होती.

"अगं पोरी, त्या रागाला आल्यात," सुनंदा म्हणाली.

"पण प्रतिसाद द्यायल्यात ना, काकू. आधी एवढं बोलत होत्या का?"

शेवटी आत्यानं भिंतीकडे तोंड केलं. एवढं तिला अजून करता येत होतं. प्रणिता त्यानंतरही येत राहिली आणि आत्या भिंतीकडे वळत राहिली. एकदा अंगणात चप्पल घालताना पोर मला म्हणाली, "मॅडम, मला दिसतंय सगळं. पण सत्रं पुरी झाली नाहीत तर फेलोशिप बंद होईल, आणि मूळ पाठ बदलला तर सर सही करणार नाहीत. माझी आजी, माझी अव्वा, पण गायची. मी तिचं काहीच ठेवलं नाही." मी तिला पाणी दिलं. तिच्याशी भांडावं एवढी ती मोठी नव्हती.

दवाखान्यातल्या मॅडमनं सांगितलेले महिने असे गेले. मग आणखी गेले. सुनंदाला मी एवढंच शिकवलं की फोन चालू ठेव, जे होईल ते भर, काही पुसू नको. तिनं भरलं. आत्याचे 'हाव' आहेत त्यात. भुकेचा, कंटाळ्याचा, नातवंड पडल्यावरचा, पहाटे कुणी नसतानाचा. वेगळे ओळखू येतात. सुनंदाला सगळे ओळखू यायचे. गेल्या थंडीत आत्या गेली. शेवटपर्यंत दुसरा शब्द आला नाही.

*

तर यंदाच्या रांगेत प्रणिता होती. वाळली आहे, चष्मा लागलाय. तिनं प्रबंध टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता उभी राहिली. परिशिष्टात लिहिलं होतं: 'सहभागी ग. सहभागीने तोंडी संमती दिली. संहितेस शाब्दिक प्रतिसाद सकारात्मक. सत्रोत्तर काळात सहभागीचे निधन झाल्याने पाठपुरावा शक्य झाला नाही.'

यंत्रानं अहवाल दिला. साम्य शून्य टक्के. असा शून्य माझ्या खोलीत क्वचित येतो. प्रणितानं पेढे आणले नव्हते, हे तिचं शहाणपण.

सही करायच्या आधी मी सरांना फोन केला. "सर, संमती कशी घेतली ते तुम्हाला माहीत आहे. ती बाई 'हाव'शिवाय काही बोलू शकत नव्हती."

"मॅडम," सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही टक्के बघा. बाकीच्याशी ग्रंथालयाचा काय संबंध?"

संबंध नाहीच. त्या कागदावर टक्क्यांसाठी जागा आहे, दुसऱ्या कशासाठी नाही. मी शून्य लिहिलं आणि सही केली. संमतीबद्दल जे म्हणायचं होतं ते वेगळ्या अर्जात लिहून वर पाठवलं. वरून उत्तर आलेलं नाही.

त्याच आठवड्यात जयंती होती. मी आत्याच्या गावी गेले. लिंबाखाली बाया गोल बसल्या. फरशी तशीच तापलेली, फुलोरा तसाच डोक्यात पडणारा. सगळ्या सवयीनं एका जागेकडे बघायला लागल्या आणि मग खाली बघायला लागल्या.

"सुनंदा, तू मन की," कुणीतरी म्हणालं.

"मला न्हाई येत," सुनंदा म्हणाली. "त्यांच्यावानी न्हाई येत."

"अक्का, तुमी मना. शिकलेल्या की तुमी."

मी मान हलवली. इतक्या ओळी नोंदवल्या, एकही बसवता आली नाही.

"राहू द्या," शांताबाई म्हणाली. "ती वळ तिची हाय. तेवढी जागा सोडा."

आणि तिनं टाळी धरली. नुसती टाळी. सगळ्यांनी धरली. पहिली ओळ जेवढी लांब असायची तेवढा वेळ टाळ्याच वाजल्या, कुणाच्या तोंडातून काही नाही. मग एकदम, 'निळ्या पताकंखाली बाई, उजेड दारी आला.' पुन्हा टाळ्या. पुन्हा दुसरी ओळ. असं बराच वेळ चाललं. पाहुणी आलेली एक नवी नवरी गोंधळून टाळ्यांत मध्येच गायला लागली, तिला शेजारणीनं कोपरानं ढोसलं. मी फोनवर सगळं भरून घेतलं.

काल दुपारी रांग दारापर्यंत होती आणि सरांचा फोन आला. आवाजात खरा उत्साह होता. "मॅडम, सुनंदाताईंकडून कळलं, यंदाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे म्हणे. आपण नवा संग्रह करतोय, या वेळी ध्वनीसकट. पाठवा ना. फक्त एक करा, ओळीच्या आधी नुसत्याच टाळ्या आहेत ना, तेवढा मोकळा भाग कापून टाका. त्यात काही नाही."

"सर," मी म्हणाले, "ग्रंथालयाचा काय संबंध?"

फोन ठेवला आणि पुढच्याला आत बोलावलं.